निशाण दिसलं तर बोट थांबेल

सोमवार, दिवेलागणीला

चि. भाचेबुवांस मामाचे आशीर्वाद.

अर्ध्या ओळीवर वाजणारा बोटीचा भोंगा माझ्या कानात अजून आहे. इथल्या एकखोली शाळेत कवितेचा तास आणि बोटीची वेळ एकच होती. मास्तर डोळे मिटून चालीवर म्हणायचे, आम्ही मागून ओढायचो, आणि ओळ ऐन मध्यावर आली की धक्क्याकडून तो घसा बसलेल्या बैलासारखा आवाज यायचा. मास्तर डोळे न उघडता नुसता हात हलवायचे. पोरं पाट्या टाकून पसार. त्यामुळे शाळेतल्या सगळ्या कविता मला पाठ आहेत, पण अर्ध्या. माझा चंद्र उगवतो आणि डोंगरामागेच राहतो, पाखरू घरट्याकडे निघतं आणि पोचत नाही. जन्मभर छापखान्यात लोकांची मुद्रितं तपासली, पण ही उरलेली अर्धी कधी पुस्तक उघडून पाहिली नाहीत. का, ते विचारू नकोस.

आज तोच भोंगा बोटीत बसून ऐकला. जवळून त्यात काही नाही. एक दोरी ओढायची आणि पत्रा खाकरतो.

प्रवास म्हणशील तर ठीक झाला. डिझेलचा वास, ओल्या दोराचा वास, पोत्यांच्या थप्पीवर आडवी बांधलेली कुणाची तरी सायकल. या वयात प्रवास म्हणजे एकदा बसायचं आणि एकदा उठायचं, आणि मला दोन्ही जड जातं. उतरताना बोटवाल्याने हात दिला.

"आजोबा, परतीचं काय?"

"बहिणीला घेऊन यायचंय."

"मग सकाळी खांबावर निशाण चढवा. निशाण दिसलं तर थांबणार, नाहीतर सरळ पुढच्या बेटाला. मागाहून धक्क्यावर हात हलवत बसू नका. आम्हाला वाटतं, टाटा करताय."

"माहितेय रे. जन्मलोय इथे."

"इथे जन्मलेलेच विसरतात."

बोट सोमवारी आणि गुरुवारी. पुढल्या आठवड्यातल्या गुरुवारी शेवटची, मग वाऱ्याचे महिने संपेपर्यंत बंद. बाकीची घरं नेहमीप्रमाणे आधीच कुलूप लावून पलीकडच्या किनाऱ्यावर गेली आहेत. बेटावर आता तुझी आई, मी आणि टेकडीवरच्या दीपगृहाचा दिवेवाला.

अक्का दारातच उभी होती. "आलास, बोबड्या? पावलं म्हाताऱ्याची वाटली, म्हटलं दुसराच कोणी. पाय धू आधी, वाळू आणशील घरात."

तिला माझा चेहरा दिसत नाही, भाचेबुवा. उजव्या डोळ्याने उजेड-अंधार कळतो, डाव्याने कडेकडेचं थोडं. तरी दरवर्षीसारखं धक्क्याचं पिवळं निशाण तिनेच शिवलंय, बोटांनी चाचपून. शिवण खेकड्यासारखी तिरकी गेलीय. जिने अर्ध्या बेटाचे कपडे शिवले, तिची ही शिवण. बघवलं नाही.

तू ठरवलेल्या डॉक्टरांचं सगळं सांगितलं. आता शस्त्रक्रिया झाली तर नजर येईल, वाऱ्याचे महिने मध्ये गेले तर डावा डोळासुद्धा हातचा जाईल, हेही सांगितलं. तुझं नाव घेतलं. अक्का नाही म्हणते. हट्टी आहे, तुला मी काय सांगू, ते रक्त तुझ्यातही आहे. पलंगाखालची ट्रंक बाहेर निघालीय, पण त्याचा भलता अर्थ काढू नकोस. झुरळं झाली असतील. मी समजूत घालतोय. वेळ लागेल.

हे पत्र धक्क्यावरच्या टपालाच्या थैलीत टाकतो. बोटवाला नेईल.

तुझा मामा


गुरुवार, रात्र

चि. भाचेबुवांस,

आजची बोट थांबली नाही. वाऱ्याने निशाण खांबाला गुंडाळलं गेलं असावं. लांबून दिसलं नसेल. कुणाचा दोष म्हणायचा?

अक्का सकाळपासून ओट्यावर बसली होती. धुवट लुगडं, पायात चपला. ती एरवीही तशीच बसत असेल, मी काही रोज इथे नसतो. बोटीचं इंजिन जवळ आलं, मग लांब गेलं.

"भोंगा नाही वाजवला त्याने," ती म्हणाली.

"वारा उलटा आहे, अक्का. ऐकू आला नसेल."

"हो का."

मग चपला काढल्या आणि आत जाऊन चहा टाकला. कपात ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवते, चहा बोटाला लागला की थांबते. मी म्हटलं, दे, मी ओततो. तर म्हणाली, "तू ओतशील नि मग त्याच्यावर कविता करशील. निवून जाईल."

दिवेवाला संध्याकाळी रॉकेल घेऊन आला. मोठा तोंडाळ आहे. ओट्यावर न बसता उभ्या उभ्याच म्हणाला, "काय कविराज, निशाण धुवायला टाकलंय का? वरून काही दिसलं नाही आज."

"वारा होता," मी म्हटलं.

"वारा होता खरा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे उगाच फार वेळ बघत राहिला. एकट्या राहणाऱ्या माणसांना ही खोड असते. मलाही आहे म्हणतात.

पण तुला एक गंमत सांगायची आहे, त्यासाठीच खरं तर बसलो लिहायला. परवा जेवणानंतर मी त्या चंद्राच्या कवितेची माझी अर्धी म्हटली आणि सवयीने थांबलो. आणि भांडी विसळता विसळता अक्काने पुढची ओळ म्हटली. मग तिच्या पुढची. चंद्र वर आला, भाचेबुवा. डोंगरामागून निघून पार माथ्यावर आला. मी बघत राहिलो.

"तुला कसं येतं?"

"भोंगा झाला की तुम्ही पोरं पळायचात. शाळा झाडायला मागे कोण राहायचं? मास्तर तर डोळे मिटलेले. वर्ग रिकामा झालेला त्यांना कळायचाच नाही. पुढचं एकटीला शिकवायचे. माझी सुरुवात कच्ची आहे, तेव्हा मी विहिरीवर असायचे."

तिच्याकडे सगळे उत्तरार्ध आहेत. एवढी वर्षं ती इथे, मी तिथे. दोघांनी एकेक तुकडा सांभाळला आणि एकमेकांना कधी विचारलं नाही. आता रोज दोन-तीन कविता होतात. पाखरू घरट्यात गेलं. एक होडीची कविता आहे, ती उद्यासाठी ठेवलीय.

तर समजूत घालणं चालू आहे. सोमवारची बोट आहेच.

तुझा मामा


सोमवार

चि. भाचेबुवांस,

आजही नाही. माझी कंबर धरली होती, धक्क्यापर्यंत जाववलं नाही. वाट उताराची आहे आणि दगड सुटे झालेत. गुरुवार आहे अजून.

आधीची पत्रं पोचली असतील. तुझं उत्तर नाही, म्हणजे रागावलास. रागावू नये. इथे येऊन बघितलंस तर कळेल, वेळ इथे वेगळ्या चालीने जातो.

आज अक्काने आपणहून तुझा विषय काढला. सुई ओवायला माझ्याकडे दिली होती आणि मला ओवता येईना. माझे डोळे तिच्याहून बरे, पण हात हलतो. तेव्हा म्हणाली, "माझ्या मुलाला चौथ्या वर्षी सुई ओवता यायची." मी दोरा पुन्हा ओला केला. "लग्न केलं, कळवतो. एवढंच होतं त्या कार्डावर. मी काय वाईट म्हटलं असतं का? विचारलंच नाही तर नाही तरी कसं म्हणणार? लोकांच्या मुलींच्या लग्नातल्या चोळ्या शिवल्या मी. माझ्या सुनेच्या अंगाचं माप मला माहीत नाही."

"लिहायचं होतंस."

"मी का? कार्ड त्याने टाकलं होतं. पुढचं त्यानेच टाकायचं."

तुम्ही दोघं मायलेक म्हणजे समोरासमोर उघडणारी दोन दारं आहात. आधी तू, आधी तू, आणि दोघं बंद. मी मध्ये बोळात उभा. दमलोय रे आता बोळात उभं राहून.

माझी खोली तू पाहिली आहेस. खाली लाँड्री, वर मी. दिवसभर वाफेचा वास आणि पाटावर आपटणाऱ्या इस्त्रीचा आवाज. छापखाना बंद झाल्यापासून मला नावाने हाक मारणारं कोणी राहिलेलं नाही. लाँड्रीवाला "वरचे" म्हणतो. "वरचे आले, वरच्यांचे कपडे झाले." सत्तरी उलटल्यावर "बोबड्या, पाय धू" म्हणणारं एक माणूस या जगात उरलंय, आणि ते तुझ्याकडे यायचं आहे. तुझ्या गावाला, तुझ्या घरी. तेही बरोबरच आहे म्हणा. मुलाकडेच जावं आईने. मी कोण मध्ये?

हे सगळं खोडायला हवं, पण कागद मोजकेच आणलेत.

मामा


बुधवार, सकाळ

भाचेबुवा,

आज आशीर्वाद आधी लिहीत नाही. पत्र वाचून झाल्यावर हवे असतील तर घे.

काल संध्याकाळी अक्काचा हात भाजला. आधण उतरवायला गेली, पातेल्याचा कान म्हणून हात घातला तो थेट वाफेत. ओरडली नाही. मी ओट्यावर बसून होडीच्या कवितेची पहिली अर्धी घोळवत होतो, आणि आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. धावलो, म्हणजे माझ्या परीने धावलो. ती खाली बसून हात पाण्यात धरून म्हणत होती, "सांडलं का रे फार? घसरशील, जपून ये."

दिवेवाल्याकडे मलम होतं. त्याने पट्टी बांधली आणि मला अंगणात बोलावलं.

"कविराज, एक विचारू? दोन्ही बोटींना मी वरून बघत होतो. तुम्ही गुरुवारी धक्क्यावर गेलात. निशाण हातात होतं. शेडमध्ये बसलात, बोट गेली, घडी घालून परत आलात. वाऱ्याने निशाण गुंडाळलं जातं हे ऐकून होतो. पण घडी घालून काखेत ठेवलं जातं हे त्या दिवशी कळलं."

मी पायाने अंगणातली वाळू सारखी करत राहिलो.

"आणि तुमची ती पत्रं. जाड जाड पाकिटं. ती थैलीतच झोपलीत. बोट थांबली तर टपाल जाणार ना?"

खरं सांगतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतरांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस मी. तुला थापा लिहिल्या, आणि त्या घेऊन जायला तीच बोट लागत होती जी मी थांबू देत नव्हतो. खोटं बोलायलासुद्धा बोट लागते. माझ्यावर कुणी हसावं असं वाटलं, पण तोही हसला नाही.

तर आता खरं ऐक. पहिल्याच दिवशी मी तुझं नाव घेतलं, आणि अक्काने विचारलं, "त्याने बोलावलंय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग ट्रंक काढ." एवढंच. एका शब्दाची समजूत घालावी लागली नाही. ती गेले नऊ-दहा दिवस तयार आहे. मीच तयार नव्हतो.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगायला तोंड उघडलं. तर म्हणाली, "कळलंय मला. निशाण चढलं की दोरी खांबावर वाजते. इथपर्यंत ऐकू येतं, जन्मभर ऐकलंय. गुरुवारी वाजली नाही. सोमवारी तर तू खाटेवरून उठलाच नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा आवाज दमलेला होता, आलास तेव्हा. म्हटलं, राहू दे चार दिवस. पोराला जेवण लागतंय."

"अगं पण डोळा—"

"डोळा काय, इतकी वर्षं पाहिलं की त्याने." मग पट्टी चाचपत, "पण गुरुवारची बोट चुकवू नकोस, बोबड्या. हात भाजला तेव्हा जरा घाबरले मी."

तिने असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही. वडील गेले तेव्हाही नाही, तुझे वडील गेले तेव्हाही नाही.

उद्या उजाडायच्या आत निशाण चढवतो. दोघं येतो. हे पत्रही बहुधा आमच्याबरोबरच येईल. आधी मला बोलू दे, मग वाच.

मामा


शनिवार, दुपार

हे पत्र कुठे टाकायचं, मला ठाऊक नाही. थैली भरलीय आणि बोट बंद झालीय.

गुरुवारी निशाण चढवलं. गाठ मारली, वर दुसरी मारली. दोरी अशी काही वाजत होती की बेटाला जाग यावी. आम्ही दोघं धक्क्यावर ट्रंकेवर बसलो. तिच्या पट्टीच्या हातावर मी माझा रुमाल धरला होता, ऊन लागू नये म्हणून. दुपार झाली, कलली. पाणी रिकामं. शेवटी दिवेवाला टेकडी उतरून आला. त्याच्या चालीवरूनच कळलं. त्याच्याकडच्या बिनतारी यंत्रावर निरोप होता, समुद्र वाढल्यामुळे शेवटची फेरी रद्द.

"रद्द म्हणजे?" मी विचारलं. शब्दाचा अर्थ मला माहीत नाही असं नाही.

अक्का उठली, लुगडं झटकलं. "चल. भात टाकायचा आहे."

वर चढताना ट्रंक दिवेवाल्याने खांद्यावर घेतली. त्याने एक टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याला विचारलं, दुसरी काही सोय? तो म्हणाला, "असल्या पाण्यात कोण होडी घालणार? ज्याचं घरचं माणूस अडकलंय तो घालील. तुमचं कोण आहे तिकडे?"

आहे, असं म्हणालो मी. पण मला तूही आठवलास आणि ते कार्डही. आणि तुझ्या हाती माझं एकही पत्र नाही. तुझ्या लेखी आईने निरोपही धाडला नाही आणि मामाही तिकडेच जाऊन बसला. तू पुन्हा दार लावून घेतलं असशील. तुझ्या जागी मी तेच केलं असतं.

कालपासून आम्ही कविता म्हणत नाही. मी म्हणायला गेलो, पहिली ओळ काढली, आणि पुढे जाववेना. तिनेही विचारलं नाही. सकाळी तिने डावीकडचा दरवाजा समजून भिंतीकडे हात नेला. डाव्याचं ते कडेकडेचं होतं, तेही आता... नको. हे मी लिहिलं की खरं होईल असं वाटतं.

मी इथून हलणार नाही, एवढं तुला सांगतो. चहा मी ओततो आता. आधण मी उतरवतो. माझं मागणं हेच होतं ना, तिच्याजवळ राहायचं? मिळालं. काय भावाने मिळालं ते

दार वाजतंय. दिवेवाला असेल, पट्टी बदलायला.

दिवेवाला नव्हता. म्हणजे तो होता, पण मागे, कुंपणाशी, आणि त्याच्याबरोबर एक मासेमार, गुडघ्यापर्यंत भिजलेला. दारात एक बाई होती. चाळिशीतली. केस खाऱ्या पाण्याने चिकटलेले, पदर पिळून खोचलेला, चपला हातात. ओठ पांढरे पडले होते, वाटेत उलट्या झाल्या असाव्यात. पहिल्यांदा समुद्र पाहिलेल्या माणसाची ही कळा मी ओळखतो.

"तुम्ही मामा ना?" ती म्हणाली. "मी... यांना मी सांगून आले नाहीये. हे पंधरा दिवस खिडकीशी उभे राहतात, येत म्हणून नाहीत. म्हटलं, मग मी जाते. दोन दिवस बंदरावर बसले होते, हे होडीवाले काका आज हो म्हणाले. लवकर निघायला हवं म्हणतात, पाणी फिरायच्या आत."

मी तिच्या हातातल्या चपला घेतल्या.

आतून अक्का म्हणाली, "कोण आहे रे?"

मी काही बोलायच्या आत तीच बोलली. "मी तुमची सून."

मग अक्का भिंतीला हात लावत लावत बाहेर आली आणि आवाज होता तिथे, तिच्या बरोब्बर समोर, उभी राहिली.

"मी बोलावलं नव्हतं," अक्का म्हणाली.

"नाही," ती म्हणाली. "त्यांनीही नाही पाठवलं."

अक्काने तो भाजका हात पुढे केला आणि चाचपत तिच्या खांद्यावर ठेवला. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत मोजत नेली, मग दंडाशी थांबली.

"बारीक आहेस," ती म्हणाली. "मी माप मोठं धरलं होतं."